इंटरिमला नेमकी कुठली टेस्ट लावायची? (हो/नाही आउटकम, पाच लुक, सिम्युलेशन)

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, पण इथे संख्याशास्त्रवाले, डॉक्टर आणि कोड लिहिणारे तिघंही सापडतात म्हणून इथेच विचारते.

एका ट्रायलचं डिझाइन चालू आहे. दोन आर्म, म्हणजे पेशंटचे दोन गट. ऑपरेशननंतर ३० दिवसांत जखमेत इन्फेक्शन झालं की नाही, एवढाच आउटकम. प्रत्येक आर्ममध्ये १०० पेशंट, आणि आर्ममागे दर २० जण झाले की एक लुक (ट्रायल चालू असतानाच आकडे तपासणं, तेच इंटरिम), म्हणजे एकूण पाच. सीमा पोकॉकच्या घेतल्यात. पाचही लुकना झेड (दिसलेला फरक नुसत्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा) २.४१३ च्या पुढे गेला तर थांबायचं, पी-व्हॅल्यूत सांगायचं तर ०.०१५८ च्या खाली. कंट्रोलमध्ये इन्फेक्शनचं प्रमाण १५ टक्के धरलंय, नव्या उपचाराने ते ५ वर येईल अशी आशा आहे.

डिझाइन तपासायला आर या प्रोग्रॅमिंग भाषेत सिम्युलेशन लिहिलं. दोन्ही आर्मना १५ टक्केच दिले, म्हणजे खरा फरक काहीच नाही. हजार ट्रायल चालवल्या. अनपूल्ड झेड (प्रत्येक आर्मचा चढउतार वेगळा मोजणारा) लावला की टाइप वन एरर, म्हणजे फरक नसताना 'आहे' म्हणण्याची शक्यता, पाच टक्क्यांच्या वर जातो. फिशर लावली की इतका खाली जातो की लुक ठेवलेत कशाला असं वाटावं. पूल्ड झेड (दोन्ही आर्म एकत्र करून चढउतार मोजणारा) या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी.

साहेबांचं म्हणणं, "फिशर लावून टाका, रिव्ह्यूअर गप्प बसतात." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगता येत नाहीये. तुम्ही कुठली टेस्ट लावली असती? आणि का?

निवांत_नाना

'इंटरिम' वाचून अंतरिम बजेटवरचा काथ्याकूट समजून आलो. आलोच आहे तर बसतो कोपऱ्यात. चहा कोण टाकतंय?

शंकासूर

बाळबोध प्रश्न. २.४१३ वगैरे कशाला? दर लुकला पी ०.०५ च्या खाली गेला की थांबा. जगभर ०.०५ चालतं ना?

सांख्यिक

शंकासूर, प्रश्न बाळबोध नाही. या विषयाचा जन्मच त्यातून झालाय.

गल्लीत नाणेफेक हरलेला पोरगा म्हणतो, "बेस्ट ऑफ थ्री." तेही हरला की "बेस्ट ऑफ फाइव्ह." जिंकेपर्यंत टाकत राहायचं आणि जिंकला की थांबायचं. दर लुकला ०.०५ लावणं म्हणजे हेच. आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो यांनी १९६९ मध्ये याचं गणित करून ठेवलंय. खरा फरक शून्य असताना दोन वेळा बघितलंत तर कुठेतरी 'फरक आहे' म्हणण्याची शक्यता ८.३ टक्के. पाच वेळा बघितलंत तर १४.२. दहा वेळा, १९.३.

मग १९७७ मध्ये पोकॉकने प्रत्येक लुकला सारखीच कडक सीमा सुचवली. १९७९ मध्ये ओब्रायन आणि फ्लेमिंगने सुरुवातीला अतिशय कडक आणि शेवटी जवळपास नेहमीसारखी सीमा दिली. पाच लुकसाठी त्यांचे आकडे ४.५६, ३.२३, २.६३, २.२८, २.०४. लुक नेमके केव्हा होतील ते आधी ठाऊक नसलं तर काय करायचं, ते लॅन आणि डीमेट्सने १९८३ मध्ये सांगितलं. पाच टक्क्यांचं बजेट किती वेगाने खर्च करायचं त्याचं सूत्र ठरवायचं, लुक मागेपुढे झाले तरी चालतात.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं बघायचं असेल तर अमेरिकेतली बीटा-ब्लॉकर हार्ट अटॅक ट्रायल बघा, लघुरूप बीएचएटी. हार्ट अटॅकमधून वाचलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल किंवा प्लासिबो. सात लुक ठरले होते, ओब्रायन-फ्लेमिंगच्या सीमा. मे १९७९ च्या पहिल्या लुकला झेड १.६८. ऑक्टोबर १९७९ ला २.२४. पुढे २.३७, २.३०, २.३४. म्हणजे दुसऱ्या लुकपासून आकडा सतत १.९६ च्या वर, तरी थांबले नाहीत. ऑक्टोबर १९८१ ला सहाव्या लुकला २.८२ आला, सीमा होती २.२३, तेव्हा नऊ महिने आधी ट्रायल बंद केली. शेवटचा हिशेब: प्रोप्रॅनोलॉलवर १,९१६ पैकी १३८ मृत्यू, प्लासिबोवर १,९२१ पैकी १८८. ७.२ टक्के विरुद्ध ९.८.

(तिथे लॉगरँक, म्हणजे मृत्यू केव्हा झाला तेही बघणारी टेस्ट वापरली होती, आपल्यासारखं साधं हो/नाही नाही. पण शेवटचे आकडे साध्या पूल्ड झेडमध्ये घातले तर २.८७ येतं, फार लांब नाही.)

निवांत_नाना

बीएचएटी म्हणजे भातच की. आणि सहाव्यांदा बघितल्यावर शिजला.

शंकासूर

हसू नका. ऑक्टोबर १९७९ लाच २.२४ होता म्हणता. पुढची दोन वर्षं प्लासिबोवर जे गेले त्यांच्या घरच्यांना तुमची सीमा कोण समजावणार?

डॉ_खडीसाखर

हा प्रश्न मलाही छळतो. इन्व्हेस्टिगेटर म्हणून काम केलंय, संमतीपत्रावर सही घेताना समोर माणूस बसलेला असतो, झेड बसलेला नसतो.

पण दुसरी बाजूही बघा. १९७९ ला थांबले असते तर किती डॉक्टरांनी औषध खरंच सुरू केलं असतं? अर्धवट पुराव्यावर कोणी हलत नाही, आणि पुन्हा तीच ट्रायल करायला परवानगीही मिळत नाही. घाईने थांबण्याची किंमत बघायची असेल तर अमेरिकन डॉक्टरांवरची ॲस्पिरिन ट्रायल घ्या. २२,०७१ जण होते. ॲस्पिरिनची बाजू १९८८ च्या सुरुवातीलाच बंद केली, कारण हार्ट अटॅक १३९ विरुद्ध २३९, वादच नाही. पण हृदयविकाराने एकूण मृत्यू ८१ विरुद्ध ८३. हार्ट अटॅक टळले, जीव वाचले का हे मात्र त्या ट्रायलला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

मोरपंखी

वाचनखूण साठवली. पाटी_पेन्सिलताई, मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणीच दिलं नाहीये, ते लक्षात आणून देते :)

कोडगा

घ्या, मी देतो.

एक, हजार ट्रायल फार कमी आहेत. खरा एरर बरोब्बर ५ टक्के असला तरी हजारात तो ३.६ ते ६.४ मध्ये कुठेही दिसेल. दहा हजार केल्या तर ४.६ ते ५.४. लाख केल्या की मगच पहिल्या दशांश स्थळावर भांडण करा. आजच्या लॅपटॉपवर लाख म्हणजे काहीच नाही, फक्त लूपमध्ये टेस्टचं फंक्शन बोलावू नका, वेक्टरमध्ये सूत्र लिहा.

दोन, आणि हे महत्त्वाचं. पहिल्या लुकला प्रत्येकी २०. समजा नव्या उपचारात शून्य इन्फेक्शन, कंट्रोलमध्ये ५. एकच टेबल. आता:

अनपूल्ड झेड: २.५८
पूल्ड झेड: २.३९
येट्सची (छोट्या संख्यांसाठीची) दुरुस्ती करून: १.९१
फिशर, दुबाजूची: पी ०.०४७

सीमा २.४१३. अनपूल्डने ट्रायल थांबली. पूल्डने केसाने हुकली. फिशर ०.०१५८ च्या आसपासही नाही. पेशंट तेच, इन्फेक्शन तीच.

कंट्रोलमध्ये ६ करा, पूल्ड २.६६ होऊन थांबते, फिशर ०.०२० वर अडून बसते. ७ झाल्या की फिशर ०.००८, आता तीही थांबते. म्हणजे शून्याच्या समोर अनपूल्डला पाच लागतात, पूल्डला सहा, फिशरला सात. साहेबांना एवढं दाखवा.

तीन, कोडमध्ये शून्य विरुद्ध शून्यचं काय केलंय ते बघा. तिथे झेड म्हणजे शून्य भागिले शून्य, आर 'नॅन' देतं. साध्या इफ मध्ये घातलं तर निदान एरर येऊन थांबतं. इफएल्स मध्ये घातलं तर मुकाट पुढे सरकतं, आणि मग शेवटी सरासरी काढताना कोणीतरी 'एनए काढून टाक' असं लिहितं. १५ टक्क्यांवर तुम्हाला हे क्वचितच दिसेल. पण प्रमाण २ टक्के घेऊन बघा: प्रत्येकी २० जणांत दोन्हीकडे शून्य असण्याची शक्यता ०.९८ चा ४० वा घात, सुमारे ४५ टक्के. जवळपास निम्म्या ट्रायल गुपचूप गायब, आणि गायब होतात त्या नेमक्या फरक न दिसलेल्या. भाजक घटला की एरर फुगणारच. शून्य-शून्य असेल तर झेड शून्य, असं हाताने लिहा.

न्यूजर्सीकर

कोडगा यांचं टेबल मस्त. त्यामागचं कारण जोडतो.

दोन्ही आर्म समान आकाराचे असतील तर अनपूल्ड झेड पूल्डपेक्षा कधीच लहान नसतो. एका आर्ममध्ये शून्य आलं की अनपूल्ड सूत्र म्हणतं, या आर्मला चढउतारच नाही. वीस पेशंट बघून हा निष्कर्ष काढणं धाडसाचं. म्हणून सुरुवातीच्या छोट्या लुकला ते फाजील उतावीळ असतं. उलट फिशर घटनांची एकूण बेरीज बांधून ठेवते आणि मोजक्याच टेबलांपैकी निवडते, त्यामुळे तिला ०.०१५८ चं बजेट दिलं तरी ती त्यातलं बरंचसं खर्चच करत नाही. आणि हे न खर्चलेलं बजेट पाचही लुकला वाया जातं. साहेबांना हेच सांगा: फिशर चुकीची नाही, पण तिला पोकॉकची सीमा लावणं म्हणजे दोनदा कापणं.

२.४१३ हा आकडा सलग घंटाकृती वक्रावरून आलाय. आपला डेटा पायऱ्यापायऱ्यांचा. मोठ्या संख्येला हा फरक पुसला जातो, वीसला नाही.

ओब्रायन-फ्लेमिंग घेतलंत तर हा त्रास बराच कमी होतो, कारण सुरुवातीला ती थांबूच देत नाही. पहिल्या लुकला ४.५६ ओलांडायला नव्या उपचारात शून्य धरलं तरी कंट्रोलमध्ये २० पैकी १४ इन्फेक्शन लागतील.

डॉ_खडीसाखर

२० पैकी १४ जखमा चिघळल्या तर ट्रायल थांबवायला संख्याशास्त्रज्ञ लागणार नाही हो, ओटीलाच कुलूप लागेल.

निवांत_नाना

डॉक्टरांच्या प्रतिसादाला +१. बाकी मला काही कळलं नाही, पण पाच-सहा-सात कळलं.

गुळपोळी

विचारूनच टाकते. ताई, हा हिशेब कोडमध्ये हाताने का? आर मध्ये जीएसडिझाइन आणि आरपॅक्ट ही पॅकेज आहेत ना? आमच्याकडे जीएसडिझाइनमधलं सिमबायनोमियल सर्रास वापरतात.

कोडगा

वापराच. फक्त पॅकेज कुठली टेस्ट लावतंय ते आधी वाचा. माझं म्हणणं एवढंच की सिम्युलेशनमध्ये एक टेस्ट आणि प्रोटोकॉलमध्ये दुसरी असं व्हायला नको. झालेलं बघितलंय.

सांख्यिक

अवांतर, पण पुणेकरांना आवडेल. या क्षेत्रात नेहमी वापरलं जाणारं 'ईस्ट' हे सॉफ्टवेअर सायटेलचं. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८७ मध्ये काढलेली ही कंपनी, पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे. आणि आर मध्ये दोन बाय दोनहून मोठ्या टेबलाला फिशर लावता तेव्हा आत जी पद्धत चालते ती याच दोघांची, १९८३ ची.

निवांत_नाना

म्हणजे साहेबांची फिशर हिंजवडीच्या वाटेवरूनच गेलीय. सिग्नलला अडकली असणार, म्हणून एवढी सावकाश.

डॉ_खडीसाखर

टेस्टवर भांडताय ते ठीक, पण मला कोडमध्ये दुसरीच भीती वाटते. आउटकम ३० दिवसांचा आहे. सिम्युलेशनमध्ये पेशंट आला, नाणं उडवलं, आउटकम मिळाला, असं लिहिलंय का? वॉर्डात तसं होत नाही.

इन्फेक्शन पाचव्या-आठव्या दिवशी दिसतं, टाके काढायला आलेल्या दिवशी जखम लाल असते, लगेच फॉर्म भरला जातो. इन्फेक्शन 'झालं नाही' हे मात्र तिसाव्या दिवसाशिवाय म्हणता येत नाही. आता लुकच्या दिवशी डेटा ओढला आणि 'ज्यांचा आउटकम भरलाय ते सगळे' घेतले, तर त्यात काल-परवाचे इन्फेक्शनवाले आले आणि त्यांच्याबरोबर ऑपरेशन झालेले धडधाकट मात्र आले नाहीत. दोन्ही आर्मचं प्रमाण वर जातं. आणि एका उपचाराने इन्फेक्शन नुसतं लवकर दिसत असेल, एकूण संख्या तीच असली तरी, तर लुकला खोटा फरक दिसणार.

म्हणून लुकमध्ये फक्त तेच घ्या ज्यांच्या ऑपरेशनला ३० दिवस उलटलेत. त्यांच्यातलं कोणाचं इन्फेक्शन तिसऱ्या दिवशी कळलं असेल तरी हरकत नाही, पण रांगेत सगळे एकाच नियमाने आले पाहिजेत.

आणि महिन्याला २० पेशंट घेत असाल तर पहिल्या लुकला ४० जणांचे ३० दिवस पूर्ण होतील तेव्हा ऑपरेशन झालेले ६० असतील. थांबायचं ठरलं तर मधल्या २० जणांचं काय? त्यांचा निकाल नंतर येणार, आणि तो सीमेच्या आत परत ओढणाराही असू शकतो. त्यांचं काय करायचं ते प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा.

पाटी_पेन्सिल

डॉक्टर, तारखा कोडमध्ये नव्हत्या, आज घालते. कोडगा, पाच-सहा-सातचं टेबल साहेबांच्या टेबलावर ठेवलंय. अजून काही बोलले नाहीत, पण फिशरचं नाव तीन तास निघालेलं नाही.

शंकासूर

माझा पुढचा प्रश्न. लवकर थांबलेल्या ट्रायलचा आकडा किती खरा? कोव्हिडच्या वेळी रोज 'इंटरिम निकाल' ऐकायचो.

मोरपंखी

हो, कोव्हॅक्सिनचं आठवतंय. आधी ८१, मग ७८.

न्यूजर्सीकर

कोव्हॅक्सिन चांगलं उदाहरण आहे, पुण्याच्या एनआयव्हीने वेगळा केलेला विषाणू म्हणून जवळचंही. फेज तीनमध्ये २५,७९८ जण. लुक केसच्या संख्येवर बांधलेले, शेवटचा १३० केसना. पहिल्या इंटरिमला ४३ केस: प्लासिबो ३६, लस ७. त्यावरून ८०.६ टक्के. शेवटी १३० केसमध्ये १०६ विरुद्ध २४, आणि ७७.८ टक्के. मॉडर्ना पहिल्या लुकला ९५ केस, ९० विरुद्ध ५, ९४.५ टक्के, शेवटी १८५ विरुद्ध ११, ९४.१.

अशा ट्रायलमध्ये दोन्ही गट सारखे असतील तर प्रत्येक केस लसीच्या बाजूची की प्लासिबोच्या, एवढाच प्रश्न उरतो. तोही हो/नाहीच. म्हणजे पाटी_पेन्सिल यांच्याच कुटुंबातलं गणित.

शंकासूर

आणि आपल्याकडे आपत्कालीन परवानगी ३ जानेवारी २०२१ ला, ८१ टक्क्यांचा आकडा ३ मार्चला. लुकच्या आधीच निकाल! ही कुठली सीमा? पोकॉक की दिल्ली?

सांख्यिक

तो वाद खरा आहे, पण तो परवानगीचा वाद आहे, लुकचा नाही. इथे सुरू केलात तर धाग्याचा खरडफळा होईल.

मूळ मुद्दा: लवकर थांबलेला आकडा फुगलेला असतो का? सरासरीने, हो. आणि यासाठी ताईंचीच ट्रायल घ्या, सिम्युलेशनही नको. पोकॉक, पूल्ड, पहिला लुक २० विरुद्ध २०. थांबायला काय लागतं? ० विरुद्ध ६, किंवा १ विरुद्ध ८ (१ विरुद्ध ७ ला झेड २.३७, हुकला), किंवा २ विरुद्ध ९. कुठलंही टेबल घ्या, दिसलेला फरक किमान ३० टक्क्यांचा. खरा फरक धरलाय १५ वजा ५, म्हणजे १०. म्हणजे पहिल्या लुकला थांबलेली *प्रत्येक* ट्रायल खऱ्याच्या किमान तिप्पट फरक छापणार. औषध खरोखर चांगलं असेल तरीही.

२०१० मध्ये बॅस्लर आणि सहकाऱ्यांनी लवकर थांबलेल्या ९१ ट्रायलची त्याच प्रश्नांवरच्या पूर्ण झालेल्या ४२४ ट्रायलशी तुलना केली होती. दोघांच्या सापेक्ष जोखमींचं गुणोत्तर ०.७१ आलं. म्हणजे थांबलेल्यांत फायदा बराच जास्त दिसत होता.

न्यूजर्सीकर

सांख्यिक काका, त्या तुलनेवर आक्षेपही खूप आले. थांबलेल्या ट्रायल बाजूला काढून फक्त पूर्ण झालेल्याच बघितल्या तर त्या उलट्या बाजूला झुकलेल्या असतात, कारण ज्यांत मोठा फरक दिसला त्या आधीच उचलून नेल्यात. दोन्ही मिळून सरासरी घेतली तर चित्र इतकं भयंकर राहत नाही. आणि फायझरचा आकडा तर पहिल्या लुकला '९० च्या वर' होता, शेवटी १७० केसमध्ये ८ विरुद्ध १६२, ९५ टक्के. उतरलाच नाही.

सांख्यिक

मान्य. पण तुमच्या आक्षेपाने माझं टेबल बदलत नाही. वीस विरुद्ध वीसला थांबलात तर ३० टक्के छापणारच, आणि वाचणारा डॉक्टर 'सगळ्या ट्रायलची सरासरी' वाचत नाही, ही एकच वाचतो. फायझरला ९४ केस असताना पहिला लुक घेतला होता. इथे पहिल्या लुकला केस किती अपेक्षित? कंट्रोलमध्ये ३, नव्यात १. चार घटनांवर तुम्ही पाचांपैकी पहिला निर्णय घेणार.

म्हणून माझा सल्ला टेस्टच्या पलीकडचा आहे. लुक पेशंटच्या संख्येवर न बांधता इन्फेक्शनच्या संख्येचा विचार करून बांधा, आणि पहिला लुक पुढे ढकला. निकाल छापताना साध्या प्रमाणांतल्या फरकाबरोबर लुक लक्षात घेऊन दुरुस्त केलेला आकडाही द्या. आरपॅक्ट तो काढून देतं.

आणि शेवटची गोष्ट. एवढ्या छोट्या आकाराला सिम्युलेशन हवंच कशाला? पहिल्या लुकला शक्य टेबलं २१ गुणिले २१, म्हणजे ४४१. प्रत्येकाची शक्यता लिहा. सीमा ओलांडणारी बाजूला काढून बेरीज करा, उरलेल्यांत पुढच्या वीस-वीसच्या शक्यता मिसळा, पुन्हा तेच. पाचव्या लुकला टेबलं फार तर १०१ गुणिले १०१, म्हणजे १०,२०१. कोणतीही बी (रँडम आकड्यांची सीड) नको, कोणताही योगायोग नको, उत्तर अचूक. मग कंट्रोलचं प्रमाण फक्त १५ वर न थांबता १ टक्क्यापासून ५० पर्यंत सरकवत जा. टाइप वन एरर त्या प्रमाणावर अवलंबून असतो, २ टक्क्यांवर जवळपास शून्य आणि मध्ये कुठेतरी ५ च्या वर डोकं काढणारा. रिव्ह्यूअरला एका बिंदूवरचा आकडा दाखवून भागत नाही, पूर्ण रेषा दाखवा.

कोडगा

काकांना साष्टांग. सकाळी लाख ट्रायल सांगत होतो, संध्याकाळी सिम्युलेशनच गेलं. पण तारखा, गळती, उशिरा येणारे निकाल घालायचे असतील तर सिम्युलेशन लागेलच, ते काही मोजून संपत नाही.

सांख्यिक

बरोबर. टेस्ट आणि सीमा निवडायला मोजणी, वॉर्डाची वास्तवता घालायला सिम्युलेशन. दुसऱ्याने पहिल्याचं उत्तर साध्या परिस्थितीत परत दिलं तरच कोडवर विश्वास ठेवा.

न्यूजर्सीकर

एक दुरुस्ती सुचवतो, कोणी बोललं नाही. १५ विरुद्ध ५ साठी, एकही लुक नसेल तरी ८० टक्के पॉवरला (खरा फरक पकडण्याची शक्यता) आर्ममागे सुमारे १४१ लागतात. १०० ला पॉवर ६६ च्या आसपास. त्यावर पोकॉकचे पाच लुक ठेवले की कमाल संख्या १.२३ पट, म्हणजे सुमारे १७३. ओब्रायन-फ्लेमिंगला १.०३ पट, १४५ मध्ये भागतं. ताई, १०० हा आकडा कुठून आला?

पाटी_पेन्सिल

बजेटमधून :(

निवांत_नाना

हे मात्र मला पहिल्याच वाक्यात कळलं.

पाटी_पेन्सिल

आठवड्याने परत आलेय. काकांची मोजणी लिहिली, कोडगा यांच्या सिम्युलेशनशी लाख ट्रायलवर जुळली. साहेबांसमोर कंट्रोलच्या प्रमाणानुसार तिन्ही टेस्टची रेषा ठेवली. फिशरची रेषा इतकी तळाशी होती की ते स्वतःच म्हणाले, "एवढे पेशंट वाया?"

ठरलं ते असं. प्रत्येक लुकला पूल्ड झेड, तोच प्रोटोकॉलमध्ये आणि तोच सिम्युलेशनमध्ये. पाचांऐवजी तीन लुक, आर्ममागे ५०, १०० आणि १५० जणांचे ३० दिवस पूर्ण झाल्यावर. १५० मध्ये थोडी गळतीही धरलीय, त्यासाठी स्पॉन्सरकडून बजेट वाढवून घ्यायला डॉक्टरांचा वॉर्डाचा मुद्दाच कामी आला. सीमा लॅन-डीमेट्सच्या, ओब्रायन-फ्लेमिंगच्या वळणाने: ३.७१, २.५१, १.९९. मधल्या पेशंटचं काय करायचं तो परिच्छेदही घातला.

शंकासूर

३.७१ ला पहिल्या लुकला काय लागतं? आता मी पण पाच-सहा-सात विचारणार.

पाटी_पेन्सिल

५० विरुद्ध ५० ला नव्यात शून्य असेल तर कंट्रोलमध्ये १३. बाराला ३.६९ होतं, केसाने हुकतं.

डॉ_खडीसाखर

म्हणजे पहिल्या लुकला फायद्यासाठी थांबणं जवळपास अशक्यच. मग तो ठेवलाय कशाला?

पाटी_पेन्सिल

सेफ्टीसाठी, आणि कंट्रोलमध्ये खरंच १५ टक्के येतायत का ते बघायला. ८ च निघाले तर १५० सुद्धा पुरणार नाहीत, आणि ते दीडशेव्या पेशंटला कळण्यापेक्षा पन्नासाव्याला कळलेलं बरं. हे बघताना दोन्ही आर्मची बेरीज बघायची, आर्म उघडायचे नाहीत, असं डीएमसीच्या (डेटावर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या) चार्टरमध्ये वेगळं लिहिलंय.

कोडगा

फाइलीत आर ची आणि पॅकेजची आवृत्ती लिहून ठेवलीत ना? आणि बी?

पाटी_पेन्सिल

लिहिली. मोजणीला बी लागत नाही, हे काकांनी आधीच सांगितलंय :)